दोन व्याह्यांचे हात

शहाजी सरगर जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. मलमपट्टी करायची, मेंढरं धरून ठेवायची, साहेब मागतील ती बाटली पुढं करायची, हे त्यांचं काम. पण सांगोल्यापासून मंगळवेढ्यापर्यंतचे मेंढपाळ त्यांनाच डॉक्टर म्हणत, आणि ही चूक दुरुस्त करावी असं शहाजींना अख्ख्या नोकरीत कधी वाटलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला. घरात बायको म्हाळसाबाई आणि एकुलती एक मुलगी पूनम. पूनम सात रस्त्याजवळच्या एका मोठ्या दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला होती.

निवृत्तीच्या आसपास शहाजींच्या उजव्या तळहातात एक गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून त्यांनी तिच्याकडं लक्ष दिलं नाही. मग त्या गाठीपासून करंगळीकडं आणि तिच्या शेजारच्या बोटाकडं कातडीखाली दोरीसारखं काहीतरी ताणत गेलं आणि ती दोन बोटं हळूहळू आत वळली. आता ती सरळ व्हायचं नावच घेत नव्हती.

"आयुष्यभर बकऱ्यांची शिंगं धरली. बोटांना सवय लागली, दुसरं काय!" असं ते सांगत. सांगून झालं की हात खिशात घालत, आणि तिथं ती बोटं खिशाच्या कडेला अडकत. तोंड धुताना करंगळी डोळ्यात जाई. सोसायटीच्या कार्यक्रमात टाळ्या वाजवल्या तर सगळ्यांच्या टाळ्या वाजत आणि यांची नुसती फटफट.

म्हाळसाबाई हे सगळं बघत आणि सोडत नसत.

"आवं, तुमी नमस्कार करता तवा वाटतं, समोरच्याला गुपचूप कायतरी देताय. परवा त्या वॉचमननं हात पुढं केला की!"

"दवाखान्यात दाखवू या," पूनम म्हणायची.

"मी स्वतः दवाखान्यातला माणूस हाय," शहाजी म्हणायचे. "मला नको शिकवू."

"अप्पा, तुमचे पेशंट बें-बें करायचे. तुम्ही सांगाल ते ऐकायचे. माझं तुम्ही ऐका."

शेवटी पूनमनंच मार्ग काढला. तिच्या दवाखान्यात डॉक्टर समरा म्हणून हाताच्या शस्त्रक्रिया करणारी एक तरुण डॉक्टर होती. सोलापुरातच वाढलेली, बोलायला मोकळी. नेमक्या याच आजारावर तिचं संशोधन चालू होतं आणि पेशंट मिळत नाहीत म्हणून ती हैराण झाली होती. पूनमनं घरी येऊन सांगितलं, "अप्पा, उपचारासाठी नाही हो. संशोधनासाठी तुमची मदत हवीय. मॅडमनी खास विचारलंय."

मदत म्हटल्यावर शहाजींनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि पूनमच्या स्कुटीवर मागं बसले.

समरानं त्यांना टेबलासमोर बसवलं. "काका, तळहात खाली करून हात टेबलावर सपाट ठेवा."

शहाजींनी ठेवला. बोटांची टोकं टेकली, मनगट टेकलं, मधला तळहात कमानीसारखा वरच राहिला. त्यांनी जोर लावला. टेबल थोडं सरकलं, हात काही टेकला नाही. समरानं आपलं पेन त्या कमानीखालून आरपार घातलं आणि पलीकडून काढून घेतलं. शहाजींना तो जरा अपमानच वाटला.

"याला डुप्युट्रेनचा आजार म्हणतात," ती म्हणाली. "तळहाताच्या कातडीखाली एक पातळ पडदा असतो. त्यातल्या पेशींना उगाच वाटतं की इथं जखम झालीय. मग जखम नसतानाच त्या ती भरत बसतात. पडदा जाड होतो, आखडतो आणि बोटांना आत ओढतो."

"काम नसताना काम काढायचं," शहाजी म्हणाले. "आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीगत."

"अगदी तसंच. आपल्याकडं हा आजार दुर्मिळ आहे असं पुस्तकांत म्हणतात. पण तो खरंच दुर्मिळ आहे की लोक हात दाखवायलाच येत नाहीत, तेच मला बघायचंय. आता बूट काढा."

"बूट? हात दाखवायला आलो न्हवं मी?"

बूट काढल्यावर तळपायाच्या मधोमध तशीच एक छोटी गाठ सापडली. बोटांच्या पेरांवर मागच्या बाजूनं कातडी जाड झालेली होती, तीही सापडली. मध्यंतरी खांदा आखडला होता का, असं समरानं विचारलं, तर तोही आखडला होता. ही सगळी एकाच गोतावळ्यातली मंडळी असतात, असं ती म्हणाली. एकेक गोष्ट जुळेल तशी तिची मुद्रा उजळत गेली आणि शहाजींना परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखं वाटू लागलं.

"काका, तुमच्या वडिलांचे हात कसे होते? हा आजार बऱ्याचदा घराण्यातून येतो."

शहाजींनी आपल्या वाकड्या बोटांकडं बघितलं.

"आबाची मूठ उघडत नव्हती," ते म्हणाले. "गावात त्यांना मुठी सरगर म्हणायचे. चिक्कू म्हणून. एकदा पैसा आत गेला की बाहेर येत न्हाय म्हणायचे. आमी पोरं बी म्हणायचो. आमाला वाटायचं, सोभावच तसा."

समरानं पेन खाली ठेवलं. "काका, बहुतेक त्यांना मूठ उघडताच येत नसावी."

घरी येताना शहाजी स्कुटीवर मागं बसून सारखी आपली मूठ उघडून बघत होते. संध्याकाळी म्हाळसाबाईंनी आजाराचं नाव विचारलं तेव्हा त्यांनी कसंबसं उच्चारलं.

"डुपूट्रेन? ही कुटली ट्रेन? कुर्डुवाडीवरनं जाती का?"

एरवी शहाजींनी काहीतरी उत्तर दिलं असतं. आज त्यांनी आबांच्या मुठीची गोष्ट सांगितली. म्हाळसाबाई कोथिंबीर निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"पहिल्या दिवाळीला मामंजींनी मला ओवाळणी दिली ती डाव्या हातानं," त्या म्हणाल्या. "नव्या सुनंला डाव्या हातानं देत्यात म्हणून मी म्हायेराला जाऊन रडले होते. आई म्हणाली, चिक्कू हाय पर निदान देतोय तरी." मग त्या कोथिंबिरीकडंच बघत म्हणाल्या, "उजवा हात दावला असता तर कळलं असतं की. हातच दावला न्हाय कुनाला."

"कोण दावतंय," शहाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मात्र शहाजींचा सूर बदलला. समरानं सांगितलं होतं, आणखी पेशंट मिळाले तर संशोधनाला बळ येईल, रक्ताच्या नात्यातले मिळाले तर सोन्याहून पिवळं. शहाजींनी ते फारच मनावर घेतलं. भाजीवाला सुट्टे परत द्यायला लागला की त्याचा तळहात धरून ठेवायचे. किराणा दुकानाच्या काउंटरवर चार जणांचे हात सपाट ठेवून बघितले. देवळात पुजाऱ्यानं तीर्थ द्यायला हात पुढं केला तर यांनी तीर्थ घ्यायचं सोडून त्याची करंगळी ताणून पाहिली.

"लोकं इचारत्यात, हात बघून भविष्य सांगायला कवापासून लागलेत म्हनून," म्हाळसाबाई म्हणाल्या. "त्या खालच्या मजल्यावरच्या बाईनं इचारलंय, तिच्या पोराला नोकरी कवा लागंल."

"तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, करंगळी सरळ हाय, लागंल."

याच दिवसांत पूनमचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा मोडनिंबचा, वीज मंडळात इंजिनिअर. नाव बिरुदेव. आजच्या काळात असं नाव म्हणून पूनमनं पहिल्याच भेटीत त्याची फिरकी घेतली होती. तो म्हणाला होता, "देवाचं नाव आहे, बोलावताना चप्पल काढायची." तिथंच तिला तो आवडला. त्याचे वडील जोतिराम लवटे यांचं मोडनिंबात हायवेला लागून घाऊक किराण्याचं दुकान होतं. पसंती झाली, पत्रिका बघून झाल्या, आडनावं वेगळी, देवकं वेगळी. एका रविवारी सुपारी फोडायला लवटे मंडळी जुळे सोलापुरात आली.

जोतिराम आले, बिरुदेव आला, आणि बिरुदेवला आई नसल्यानं त्यांच्या घरातली सगळ्यात वडीलधारी म्हणून जोतिरामांची चुलती नागम्मा आली. नागम्माचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळं तिची निम्मी वाक्यं मराठीत सुरू होऊन कानडीत संपत. लवट्यांच्या घरात ती बोलली की बाकीचे ऐकत.

पोहे झाले, चहा झाला. जोतिरामांनी चहा दोनदा घेतला, तोही चांगला गोड. मग म्हाळसाबाईंनी ताटात नारळ, सुपारी, पान ठेवून ताट पुढं केलं. शहाजींनी नारळ उचलला आणि जोतिरामांच्या हातात दिला. जोतिरामांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि शहाजींचे डोळे त्यांच्या बोटांवर खिळले.

करंगळी वाकडी. शेजारचं बोट वाकडं.

शहाजी आनंदानं जवळजवळ ओरडलेच, "पावनं! हात ठेवा बघू टेबलावर!"

"आँ?"

"तळहात खाली. सपाट. ठेवा की."

जोतिराम गोंधळले. त्यांना वाटलं, सरगरांच्या घरातली काही रीत असेल. त्यांनी नारळ खाली ठेवून हात टीपॉयवर ठेवला. तो टेकला नाही. शहाजींनी शेजारचा टीव्हीचा रिमोट उचलून त्यांच्या तळहाताखाली सरकवून बघितला. म्हाळसाबाई पदराआडून डोळे वटारत होत्या, पण शहाजींना आता कुणी दिसत नव्हतं.

"बघितलं का? माझाबी असाच!" त्यांनी आपला हात शेजारी ठेवला. "लई दुर्मिळ आजार हाय हा. अख्ख्या जिल्ह्यात डॉक्टरनीला माणसं मिळंनात. आणि हितं एका टीपॉयवर दोन! घराण्यातनं येतो. रक्तातनं!"

शेवटचा शब्द त्यांच्या तोंडातून पुरता बाहेर पडला न पडला तोच नागम्मा पुढं झुकली.

"यप्पा! मग दोघांचं रगत येकच का काय?"

पंख्याची घरघर ऐकू यायला लागली. एकच रक्त म्हणजे एकच भावकी. एकच भावकी म्हणजे पोरगा-पोरगी भाऊ-बहीण. आडनावं वेगळी असली म्हणून काय झालं? दुष्काळात मेंढरं घेऊन कुणी कुठं गेलं, कुणी गावाचं नाव लावलं, कुणी धंद्याचं. मागं कोण कुणाचा भाऊ होता, हे कुणी पाहिलंय? हे सगळं कुणी बोललं नाही, पण प्रत्येकाच्या डोक्यातून गेलं.

जोतिरामांनी हात टीपॉयवरून काढून झब्ब्याच्या बाहीत ओढला. त्यांचा चेहरा उतरला होता. "आमी जरा घरी बोलून कळवतो," ते म्हणाले आणि उठले. नारळ टीपॉयवरच राहिला.

गाडी गेल्यावर म्हाळसाबाईंनी दार लावलं आणि नवऱ्याकडं वळल्या.

"सुपारी फुटायच्या आदी लगीन मोडनारा बाप मी पयल्यांदा बघितला. तुमाला लोकांचे हातच बघायचे होते, तर पोरीचे पिवळे झालेले बघायचे होते!"

शहाजींनी टीपॉयवरचा नारळ उचलून देवापुढं ठेवला. पूनम आत जाऊन बसली होती. ती रडत असेल म्हणून ते दाराशी गेले, तर आतून तिचा फोनवरचा आवाज आला.

"हसू नकोस. मला अजिबात हसू येत नाहीये."

पलीकडून बिरुदेव म्हणत होता, "बरं, ताई."

"बिरू, मी फोन ठेवीन."

"ठेव. राखी पाठवशील ना?"

यावर पूनम हसली, आणि हसता हसताच तिला रडू आलं. मग बिरुदेवही गंभीर झाला. तो म्हणाला, घरी वडील कुणाशी बोलत नाहीत, दुकानात जाऊन बसतात, हात कुणाला दाखवत नाहीत. पूनम म्हणाली, मग हात दाखवायचा तो ज्याला कळतं त्यालाच दाखवू. दोघांच्याही वडिलांना समरा मॅडमकडं घेऊन जायचं असं त्यांनी ठरवलं.

शहाजींना न्यायला काही लागलं नाही, ते मुकाट स्कुटीवर बसले. जोतिराम मात्र हलेनात. बिरुदेवनं सरळ सांगितलं, "दादा, तुम्ही येणार नसाल तर मी दुसरी मुलगी बघणार नाही. जन्मभर तुमच्याच हातच्या भाकरी खाईन." जोतिरामांना भाकरी येत नव्हती. ते आले.

दवाखान्यात दोघं बाप मधली एक खुर्ची रिकामी सोडून बसले. एकानं हात खिशात घातला होता, दुसऱ्यानं पिशवीखाली. नमस्कार-चमत्कार काही झाला नव्हता. समरानं आत बोलावलं, पूनमकडून सगळी हकीगत ऐकली, ओठ दाबून हसू आवरलं आणि म्हणाली, "दोघांनी समोरासमोर उभं राहा. आता एकमेकांना नमस्कार करा."

"ते कशाला?" दोघंही एकदमच बोलले.

"तपासणी आहे. हात जोडा, तळवे एकमेकांना जेवढे दाबता येतील तेवढे दाबा आणि मी सांगेपर्यंत सोडू नका."

दोघांनी नमस्कार केला. समरा खाली वाकून जोतिरामांचे तळवे बाजूनं बघू लागली, मग शहाजींचे, मग पुन्हा जोतिरामांचे. तिला घाई नव्हती. हे दोघं छातीशी हात जोडून एकमेकांकडं बघत उभे. इतक्या जवळून इतका वेळ दुसरीकडं तरी कुठं बघणार?

"बरं हाय ना घरी?" शेवटी न राहवून शहाजी म्हणाले.

"हाय की. तुमच्याकडं?"

"न्हाय."

समरा सरळ झाली. "सरगर काका, तुमच्या उजव्या हाताची दोनच बोटं आखडलीत, डावा हात बराचसा ठीक आहे, आणि तळहातात दोरी हाताला लागते. लवटे काका, तुमच्या दोन्ही हातांची सगळी बोटं थोडी थोडी आखडलीत, तळवे मध्ये चिकटत नाहीत, आणि कातडी मेणासारखी ताठ झालीय. दोरी कुठंच नाही. करंगळीकडची बोटं जरा जास्त वाकलीत म्हणून दोन्ही हात सारखे दिसतात, एवढंच." तिनं जोतिरामांचा हात हातात घेऊन मागची कातडी चिमटीत धरायचा प्रयत्न केला, ती धरता येईना. "काका, साखर आहे का?"

"साखर?" जोतिराम म्हणाले. "हाय की. गोडाऊन भरलंय."

"दादा," बिरुदेव म्हणाला, "रक्तातली विचारतायत."

जोतिरामांनी हात पुढं केला. पूनमनं लगेच बोट टोचून तपासणी केली. यंत्रावरचा आकडा बघून तिनं तो वाचून दाखवला नाही, नुसता समराच्या पुढं धरला. समरानं भुवया वर केल्या.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. ती विचारत नव्हती.

जोतिराम खुर्चीत बसले. "गावात शिबिर झालं होतं तवा सांगितलं होतं," ते म्हणाले. "गोळ्याबी दिल्या होत्या. मी म्हटलं, पोराचं लगीन ठरायचंय. सोयरिकीला आलेली लोकं म्हनतील, आजारी घर हाय, पोरगी कशाला द्यायची. लगीन होऊ दे, मग बघू. हात आखडायला लागलं तवा लपवाय लागलो." त्यांनी शहाजींकडं बघितलं नाही. "आनि तुमी सगळ्यांदेखत टीपॉयवर ठेवाय लावला."

शहाजींना जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. पण पाठोपाठ त्यांना दुसरं काहीतरी आठवलं आणि ते खुर्ची ओढून जोतिरामांच्या शेजारी येऊन बसले.

"पावनं, आमचं आबा जन्मभर हात लपवून गेलं. मीबी खिशातच घालून हिंडत होतो. डॉक्टरनीनं नाव सांगितलं तवा मला एवढं बरं वाटलं, की तुमचा हात दिसल्यावर मला भानच ऱ्हायलं न्हाय. चुकलं माझं."

जोतिरामांनी मान हलवली. मग म्हणाले, "रिमोट कशाला घातला पर?"

"पेन सापडलं न्हाय."

पूनम आणि बिरुदेव एकमेकांकडं बघून हसायला लागले, आणि समरालाही आता हसू आवरेना.

"एक सांगते," ती नंतर म्हणाली. "हे दोन वेगळे आजार आहेत. लवटे काकांचा हात आखडला तो साखरेनं. त्यामुळं तुमचे हात सारखे दिसतात म्हणून तुमचं रक्त एक आहे, असं काही म्हणता येत नाही. तसं तर डुप्युट्रेन दोघांनाही असता तरी म्हणता आलं नसतं. मी घराण्यातून येतो म्हणाले होते काका, एकाच घराण्यात येतो म्हणाले नव्हते. बाकी तुमच्या भावक्या तुम्ही बघा, त्यातलं मला काही कळत नाही." आणि मग थोडी खट्टू होऊन म्हणाली, "मला वाटलं होतं मला दुसरा पेशंट मिळाला."

"मग मी तुमच्या कामाचा न्हाय?" जोतिरामांनी विचारलं. नाही म्हटलं तरी त्यांनाही वाईट वाटलं होतं.

"आहात ना. तुलनेसाठी अशाही हातांची नोंद लागते. पण आधी गोळ्या सुरू करा आणि पेशंट म्हणून नीट वागा."

आता राहिली नागम्मा. डॉक्टरनं सांगितलेलं तिला कसं पटवायचं, या काळजीत शहाजी आणि म्हाळसाबाई दोघंही मोडनिंबाला गेले. वाटेत शहाजी पेशी, पडदा, साखर सगळं पाठ करत होते. "तुमी बोलूच नगा," म्हाळसाबाई म्हणाल्या. "तुमी तोंड उगडलं की लगीन मोडतंय."

नागम्मा ओसरीत शेंगा फोडत बसली होती. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे मला कशाला सांगाय आलाव?"

"म्हंजे... तुमी म्हटला होता की, रगत येकच का म्हनून," म्हाळसाबाई म्हणाल्या.

"मी इचारलं," नागम्मा म्हणाली. "म्हातारीनं इचारायचं बी न्हाय? मला वाटलं, कोनतरी सांगंल, येक न्हाय म्हनून. तर तुमी समदी गप्प. ह्यो जोत्या उठला, म्हनून मीबी उठले. मला तर अजून येक लाडू खायचा होता."

म्हाळसाबाईंनी कपाळाला हात लावला. आतून जोतिराम सुपारी घेऊन आले. ती तिथंच ओसरीत फुटली.

साखरपुड्याला म्हाळसाबाईंनी फर्मान काढलं, की नाव साखरपुडा असलं तरी नवऱ्या मुलाच्या बापासमोर पेढ्याचं ताट न्यायचं नाही. जोतिराम दुसऱ्यांचे पेढे मोजत बसले. नागम्मानं त्यांच्या दुकानातल्या साखरेच्या पोत्यांवर लक्ष ठेवायचं काम स्वतःकडं घेतलं होतं आणि ती ते फार मन लावून करत होती. महिन्या-दीड महिन्यानं त्यांची साखर उतरली. हात काही पहिल्यासारखे झाले नाहीत, पण समरानं दाखवलेले तळवे जोडून दाबायचे व्यायाम ते गल्ल्यावर बसून करत, आणि गिऱ्हाईक विचारे, "शेट, कुनाच्या पाया पडताय?"

शहाजींच्या बोटांवर समरानं लग्नाआधी सुईनं उपचार केला. तळहात बधिर करून तिनं ती आतली दोरी जागोजागी सुईच्या टोकानं कमकुवत केली आणि बोट हळूच ताणलं. कट्कन् आवाज झाला तसे शहाजी दचकले, पण दुखलं नाही. अनामिका जवळपास सरळ झाली. करंगळी मात्र निम्म्यावर येऊन थांबली.

"ती फार दिवस वाकलीय, तिचा सांधाच आखडलाय," समरा म्हणाली. "एवढ्यावर समाधान माना. आणि आणखी काही वर्षांनी पुन्हा आखडू शकतं, हेही सांगून ठेवते. हे मुळापासून थांबवायचं औषध अजून कुणाला सापडलेलं नाही."

"तुमी सापडवा," शहाजी म्हणाले. "आमी हाय की हात घेऊन."

त्यांनी आपल्या गावाकडच्या चुलत भावांना फोन करून करून दवाखान्यात आणलं. त्यातल्या दोघांच्या तळहातात गाठी निघाल्या. दोघंही म्हणाले, आम्हाला वाटलं, कामाचे घट्टे आहेत.

लग्न होटगी रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात झालं. अक्षता पडल्या, जेवणं उरकली. समरा आली होती, आणि पंगतीत तिच्या दोन्ही बाजूंचे लोक वाढप्यासमोर हात पुढं करण्याऐवजी तिच्यासमोर करत होते. निघायची वेळ झाली तशी पूनम रडायला लागली. म्हाळसाबाई लेकीच्या गळ्यात पडल्या. मग शहाजी पुढं आले. त्यांनी आशीर्वादासाठी उजवा हात उचलला आणि लेकीच्या डोक्यावर ठेवला. बोटं पूर्वीपेक्षा कितीतरी उघडली होती.

जरा वेळानं पूनम हुंदका थांबवून म्हणाली, "अप्पा, आता काढा हात."

"काढतोय की," शहाजी हळू आवाजात म्हणाले. "निघंना."

करंगळी अंबाड्यावरच्या गजऱ्यात आणि त्याच्या आत खोचलेल्या आकड्यांत अडकली होती. शहाजींनी ओढून बघितलं तशी पूनम "आई गं" म्हणाली. बिरुदेव मदतीला आला, त्याच्या फेट्याचा शेमला मध्ये आला. जोतिरामांनी आपले ताठ हात पुढं केले आणि पुन्हा मागं घेतले. फोटोग्राफर फोटो काढतच होता. गाडीच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

"सरा सगळी बाजूला," म्हाळसाबाई डोळे पुसत पुढं झाल्या. त्यांनी एक आकडा काढला, दुसरा काढला, गजऱ्याचा दोरा दातानं तोडला आणि नवऱ्याची करंगळी मोकळी केली. "पोरगी द्यायची न्हाय तर तोंडानं सांगायचं. असं धरून ठेवत्यात का?"

पूनम रडता रडता हसायला लागली. तिचा अंबाडा एका बाजूला लोंबत होता, तसाच हातानं सावरत ती गाडीत बसली, आणि गाडी वळेपर्यंत तिचं हसणं काही थांबलं नाही.